गड्ड्याच्या थंडीत गाडी का अडते

सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली थंडी म्हणजे पहाटेचे बारा-पंधरा अंश, फार तर दहाच्या आसपास. एवढ्या थंडीत डिझेल गोठत नाही, इंजिनला काही होत नाही. तरीही डिसेंबर उजाडला की जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत सकाळी सकाळी बंद गाड्यांना धक्के सुरू होतात. दोष थंडीला दिला जातो, पण बॅटरी मारलेली असते ती मे महिन्याने. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या बॉनेटखाली बॅटरीचं पाणी उडतं आणि प्लेटा झिजतात. मात्र उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, त्यामुळे अशक्त बॅटरीही वेळ मारून नेते. पहाटेच्या गारव्यात ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही साधारण दहा टक्क्यांनी घटते आणि झाकलेलं दुखणं बाहेर येतं.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा आवाज नीट ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

‘कट-कट-कट-कट’ असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत ‘कट’ आणि दिवे झगझगीत: बॅटरीत दम आहे, मग सेल्फ मोटर, तिचा सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा स्विच) किंवा अर्थिंगची वायर (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनला जाणारी) तपासा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही: बॅटरीचा नाद सोडा, इंधन किंवा स्पार्क बघा. आवाजच नाही: क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर आहे का, डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतंय का, एवढं आधी पाहा.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण या आकड्यावर थांबू नका. मरायला टेकलेली बॅटरीही उभ्या गाडीत १२.५ दाखवते. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी मीटर बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी बाहेर काढून पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा मोजा. तरीही कोसळला तर ती बदलायचीच. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५ वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करत नाहीये, नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल.

नवी बॅटरी घ्यायला पळण्याआधी टर्मिनल मात्र हाताने हलवून बघा. क्लँप बोटांनी फिरला तर तो सैलच आहे. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. बऱ्याच गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फेस थांबला की पुसून कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. क्लँपची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, कारण विजेची वाट तिथूनच आहे. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, वरून व्हॅसलीन.

अर्थिंग तपासणं फार जण विसरतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर वायर किंवा तिचा नट गंजलाय.

सीएनजीवाल्यांची गोष्ट वेगळी. बहुतेक सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन गरम झालं की गॅसवर जातात. पेट्रोलचा काटा महिनोन्महिने तळाला ठेवला की त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो. मग सकाळी सेल्फ फिरत राहतो, गाडी पकडत नाही. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, तोही जळू शकतो. निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवून जुनं वापरा, ताजं भरा.

गाडी फक्त सकाळी अडते आणि दिवसभर ठणठणीत असते, असं असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सरवर संशय घ्या. स्कॅनर लावून पहाटे, चावी फिरवून पण सेल्फ न मारता, आकडा बघायला सांगा. बाहेर पंधरा अंश असताना सेन्सर साठ सांगत असेल तर इंजिन तापलंय असं समजून ईसीयू (इंजिनचा संगणक) थंड इंजिनला लागणारं जादा पेट्रोल देतच नाही. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा (हीटर प्लग तापत असल्याची खूण) विझेपर्यंत थांबा. थांबूनही सुरुवातीला थरथर आणि पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग तपासून घ्या.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. जंप द्यायचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर गाडी सुरू करायची असेल तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो, म्हणून ही काळजी. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, उगाच ढकलू नका.

आणि बुचं असलेली बॅटरी असेल तर मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघा. प्लेटांच्या वर साधारण बोटाची रुंदी एवढं डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं क्षारांचं पाणी नको, आरओचंही नको.