गवतासाठी बांधलेली छपरे : न्यूयॉर्क ते व्हरमाँट

अमेरिकेच्या ईशान्य भागातील जुने बार्न, म्हणजे गुरे, गवत आणि धान्य ठेवण्याच्या शेतावरच्या मोठ्या इमारती, पाहण्यासाठी आम्ही ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीहून निघालो. कोकणात पेंढ्याची उडवी उघड्यावर रचता येते. इथे मात्र हिवाळाभर बर्फ असल्याने गुरांचे सगळे गवत छपराखालीच साठवावे लागे, आणि म्हणून बार्नचे छप्पर हे मुख्यतः गवताचे घर असते.

त्याच राज्यातील स्कोहॅरी खोऱ्यातले डच वसाहतकारांच्या पद्धतीचे बार्न (डच बार्न) सर्वांत जुन्या घडणीचे. त्यांचे साधे, रुंद दुपाखी छप्पर आढ्यापासून इतके खाली उतरते की बाजूच्या भिंती बुटक्याच राहतात. मोठे दार त्रिकोणी दर्शनी भिंतीत असते, आणि आत जाड तुळयांवर आडवे वासे टाकून त्यांवर धान्याच्या पेंढ्या रचत. सगळा माल हातांनी वर चढवायचा असल्याने एवढा माळा पुरेसा होता.

पुढे वाटेत बहुतेक ठिकाणी गॅम्ब्रेल छप्पर दिसते. त्याच्या प्रत्येक पाख्याला दोन उतार असतात, खालचा उभा आणि वरचा सौम्य. त्यामुळे तेवढ्याच पायावर माळ्यात कितीतरी अधिक जागा मिळते आणि लाकडेही आखूड चालतात. विल्यम लाउडन यांनी 1867 मध्ये आढ्याखालच्या रुळावरून गवत वाहून नेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अशी यंत्रे सर्रास वापरात आल्यावर माळ्याचा मधला भाग खांब-तुळयांपासून मोकळा ठेवणे गरजेचे झाले, आणि गॅम्ब्रेल त्याला नेमके जुळले. आढ्याचे टोक भिंतीबाहेर चोचीसारखे आलेले दिसते, ते या रुळासाठीच. वरच्या सौम्य उतारावर बर्फ साचतो, हा गॅम्ब्रेलचा दोष.

मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्डजवळच्या हॅनकॉक येथील शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा 1826 चा गोल दगडी बार्न मला सर्वांत विचारपूर्वक बांधलेला वाटला. गवताच्या गाड्या वरच्या मजल्यावर येत, मधल्या पोकळीत गवत टाकत आणि मागे न वळता गोल फिरून बाहेर पडत. खाली गाई मध्याकडे तोंड करून त्याच गवतावर चरत. ओले गवत आतून तापून पेट घेते, म्हणून ढिगाच्या मधोमध हवेसाठी उभा पोकळ मार्ग ठेवलेला आहे. 1864 मध्ये हा बार्न आगीत सापडला. पुन्हा उभारलेल्या आजच्या छपरावर खिडक्यांचा बारा बाजूंचा दुसरा टप्पा आहे, त्यातून प्रकाश थेट मध्यावर उतरतो.

व्हरमाँटमधील रिचमंड येथील मॉनिटर बार्न विसाव्या शतकाच्या आरंभीचे. मधले छप्पर दोन्ही पाख्यांच्या वर उचलून त्याच्या बाजूंना खिडक्यांची रांग दिली आहे. उजेड आणि खेळती हवा दोन्ही मिळतात, परंतु सांधे वाढल्याने गळतीची ठिकाणेही वाढतात.

आता गवताचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेतातच ठेवतात. त्यामुळे नव्या गोठ्यांना माळाच नसतो. पत्र्याचे कमी उताराचे दुपाखी छप्पर आणि गाईंची ऊब व दमटपणा बाहेर जाण्यासाठी आढ्यावर मोकळी फट, एवढेच पुरते.