विश्वास कोरडा पडलेला असताना प्रायश्चित्तकाळ कसा पाळावा : माझा अनुभव

प्रायश्चित्तकाळाची (लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ) तयारी मी शेवटाकडून सुरू करते. पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणविधीत हातात पेटती मेणबत्ती घेऊन आपण बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती दीक्षाविधीच्या) वचनांचे नूतनीकरण करतो. तीन प्रश्न सैतानाचा, त्याच्या कामांचा आणि त्याच्या पोकळ डौलाचा त्याग करण्याविषयी असतात, तर तीन पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावरील विश्वासाविषयी. सगळी सभा एका सुरात उत्तरे देते, त्यामुळे काय बोललो हे कळायच्या आत ती दिलेली असतात. म्हणून हे सहा प्रश्न मी राखेच्या बुधवारच्या, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढते आणि ज्या प्रश्नाला मनापासून ‘होय’ म्हणवत नाही त्याच्यापुढे खूण करते. त्या वर्षीचा माझा प्रायश्चित्तकाळ त्या खुणेसाठी असतो. हा काळ मुळात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांच्या अखेरच्या तयारीचा होता, त्यामुळे ही उलटी सुरुवात वाटते तेवढी उलटी नाही.

आता दिवसांचा हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे पवित्र शनिवारपर्यंत, ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वजा केले की ४० उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासाचा नाही. मग सोडलेली गोष्ट रविवारी घ्यायची की नाही? दोन्ही चालते, पण काय करायचे ते आधीच ठरवा. दुसऱ्या रविवारी सकाळी मनाशी वाद घालत बसलात की सोमवारही हातचा जातो.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास हे तिन्ही एकत्र येतात. तिन्हींसाठी प्रत्येकी एकच निश्चय घ्यावा आणि तो मोजता येईल असा असावा. ‘फोन कमी वापरीन’ हा निश्चय नव्हे. ‘रात्री ९ नंतर फोन दुसऱ्या खोलीत’ हा निश्चय झाला. ‘जास्त प्रार्थना करीन’ तर पहिल्याच आठवड्यात विरते. उत्साहाच्या भरात सात-आठ निश्चय घेणाऱ्यांचे बहुधा एकही टिकत नाही, कारण एक मोडला की बाकीचेही सोडून द्यावेसे वाटतात.

उपवासाचा कॅथोलिक नियम सोपा आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी खाणी घ्यायची, पण ती दोन मिळून पूर्ण जेवणाएवढी होता कामा नयेत. हा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत लागू होतो, आणि मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना. आजारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना सूट आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांचे ऐकावे आणि खाण्याऐवजी दुसरे काही सोडावे. औषधाने किंवा पाण्याने उपवास मोडत नाही. उपवासाने चिडचिड होतेच. ती घरच्यांवर निघू लागली तर उपवास हलका करावा असे माझे स्पष्ट मत आहे. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात भांडत-मारामाऱ्या करत केलेल्या उपवासाविषयी देवाने जे म्हटले आहे, ते वाचल्यावर मला दुसरे मत सुचत नाही. उपवासात वाचलेले पैसे त्याच दिवशी दानाच्या पाकिटात टाकावेत. ‘शेवटी एकदम देऊ’ म्हटले की ते घरखर्चात मिसळून जातात.

प्रार्थनेसाठी मी २० मिनिटे ठेवते, रोज त्याच वेळी आणि त्याच खुर्चीत. पहिली २ मिनिटे नुसते शांत बसणे, मग ५ मिनिटे बायबलमधले एक स्तोत्र मोठ्याने, ८ मिनिटे शुभवर्तमानाचा एक तुकडा दोनदा, आणि उरलेला वेळ त्यातल्या अडलेल्या एका शब्दापाशी. पश्चात्तापाची स्तोत्रे परंपरेने सात मानली जातात : ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. वारांना एकेक वाटून दिली की रोज निवड करावी लागत नाही. वाचनासाठी मार्कचे शुभवर्तमान उत्तम. त्याचे १६ अध्याय रोज साधारण १७ वचने या हिशेबाने ४० दिवसांत बसतात. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढू नये. आजच्या तारखेचे वाचावे, कारण थकबाकी साचली की वही उघडावीशीच वाटत नाही.

या सगळ्याची खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यात लागते. नवलाई ओसरलेली असते, पुनरुत्थानाचा सण अजून लांब असतो आणि ‘याने काय होतंय?’ हा प्रश्न रोज येतो. यावर जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांचा एक नियम मला सर्वात उपयोगी वाटतो : मन उदास आणि कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. जोडीला त्यांची दुसरी सूचनाही आहे, की अशा वेळी प्रार्थना ठरल्यापेक्षा थोडी जास्तच करावी. म्हणून २० मिनिटे नकोशी झाली की मी २१ बसते. त्याने काही भव्य अनुभव येत नाही, पण पळून जाण्याची सवय लागत नाही.

याच टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी, चर्चमधल्या रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी योहानाच्या शुभवर्तमानातले तीन लांब उतारे येतात. चक्रातले वर्ष कोणतेही असो, मी ते वाचतेच. शोमरोनी स्त्री (अध्याय ४) येशूला आधी नुसता ‘यहूदी’ म्हणते, मग ‘महाराज’, मग संदेष्टा, आणि शेवटी हाच ख्रिस्त असेल का असे गावाला विचारते. जन्मांध माणूस (अध्याय ९) ‘येशू नावाचा माणूस’ इथून सुरुवात करतो, पुढे त्याला संदेष्टा म्हणतो, मग देवापासून आलेला, आणि अखेर ‘प्रभू’ म्हणून नमन करतो. मधल्या काळात त्याला येशू दिसतही नाही, नुसती उलटतपासणी चालू असते. मार्था (अध्याय ११) तर २७व्या वचनात पूर्ण विश्वास कबूल करते आणि ३९व्या वचनात, मेलेल्या भावाच्या कबरीवरची धोंड काढा म्हटल्यावर, दुर्गंधीची अडचण सांगते. पेन्सिल घेऊन या पायऱ्यांवर क्रमांक घालावेत आणि आपण आज कुठल्या पायरीवर आहोत ते बघावे. शेवटच्या पायरीवर नसलो म्हणजे विश्वासच नाही, असा समज करून घेतलेली माणसे मला बरीच भेटतात.

आशेच्या बाबतीत बळेच आनंदी होण्याचा प्रयत्न सर्वात आधी फसतो. दुःखात असलेल्याने स्तोत्र १३ घ्यावे. सहाच वचनांचे आहे, ‘कोठवर?’ असे चारदा विचारते आणि मग भरवशाकडे वळते. ते वळणही जड वाटत असेल तर स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपते, तरी देवाशी बोलणे मात्र सोडत नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने संकटातून धीर, धीरातून पारखलेले शील आणि शीलातून आशा असा क्रम लावला आहे. आशा त्यात सर्वात शेवटी येते, म्हणून पहिल्या आठवड्यात ती जाणवली नाही तर घाबरू नये.

पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) चौथ्या-पाचव्या आठवड्यात उरकावे. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, रांगा लांब असतात आणि फादरही थकलेले असतात. आदल्या रात्री तीन मथळे करावेत : देव, माणसे, मी स्वतः. प्रत्येकाखाली काय केले तेवढेच लिहावे. का केले याची कहाणी लांबली की बहुधा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी जातो. विश्वास डळमळतो आहे हेही तिथे सांगता येते.

पवित्र सप्ताहात घरातली कामे बुधवारपर्यंत संपवा. गुरुवारी पाय धुण्याचा विधी आणि नंतर वस्त्रे काढून उघडी केलेली वेदी, शुक्रवारी योहानातील येशूच्या दुःखसहनाचे वाचन आणि क्रूसाचे वंदन, शनिवारी दिवसभर काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ सणाच्या खरेदीने भरू नये. दुपारी झोप मात्र जरूर काढावी, कारण जागरणविधी लांब असतो. जुन्या करारातलीच सात वाचने आहेत. ती कमी करता येतात, पण ‘निर्गम’ या पुस्तकातील समुद्र ओलांडण्याचे वाचन गाळता येत नाही. पेंगत ऐकल्यावर त्या सहा प्रश्नांपर्यंत पोचताना डोके जड झालेले असते.

पुनरुत्थानाचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत) ५० दिवसांचा आहे, आधीच्या काळापेक्षा लांब, आणि बहुतेकांचे सगळे इथेच सुटते. मी २० मिनिटांची १० करते, पण खुर्ची आणि वेळ तीच ठेवते. पहिल्या आठवड्यात लूकचा २४वा आणि योहानाचे २०वा व २१वा अध्याय, नंतर ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, रोज अर्धा अध्याय. २८ अध्यायांना ५६ दिवस लागतात, म्हणून शेवटचे जहाजप्रवासाचे अध्याय मी सलग वाचून टाकते. खूण केलेला प्रश्न पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशी पुन्हा काढते. खूण पुसता आली नाही तर ती पुढच्या वर्षीच्या वहीत उतरवते.