टीव्ही दुरुस्तीपासून ध्वनिनमुन्यांपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीच्या खणभागात आमचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. आज त्याच जागेच्या माडीवर बेंजो पथके, ऑर्केस्ट्रा आणि हौशी नाट्यसंस्था यांना सॅम्पल (टिपलेले छोटे ध्वनिनमुने) व पॅच (वाद्यात भरायचे तयार आवाज) करून देण्याचे काम चालते. दुरुस्ती सोडून आम्ही संगीताच्या धंद्यात शिरलो, असे लोक म्हणतात. परंतु टीव्हीतून आवाज निर्मळ बाहेर काढणे हे मुळात दुरुस्ती करणाऱ्याचेच काम आहे आणि आमचे गिऱ्हाईक टिकले ते त्याच कामामुळे.

सुरुवात ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवणाऱ्यांनी करून दिली. रोलँडचा एसपीडी-२० आपल्याकडे सर्वत्र चालत असे, पण त्यात कारखान्यातून आलेलेच आवाज वाजत. पुढे एसपीडी-एसएक्ससारखे बाहेरचा आवाज भरता येणारे पॅड आले, तेव्हा पौराणिक मालिकांतला शंखनाद, बाणांचा सणसणाट आणि विजेचा कडकडाट मिरवणुकीत वाजवण्याची हौस वादकांना लागली. ते टीव्हीसमोर मोबाइल धरून आवाज टिपून आणत. त्यात खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटीही असे.

पिक्चर ट्यूबच्या संचासमोर माइक ठेवण्यात आणखी एक गोम होती. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल या चित्रपद्धतीत ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा काढले जाते, म्हणून संचातून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ सतत निघत असते. ती लहान मुलांना ऐकू येते, उतारवयातल्या माणसाला बहुधा येत नाही; पण वादकाने तोच नमुना एक सप्तक खाली उतरवून वाजवला की शीळही ७,८०० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि सगळ्या मंडपाला टोचू लागते. उपाय सोपा आहे : जुन्या प्रक्षेपणाचा आवाजच सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंत असल्यामुळे त्याच्या वरचा भाग फिल्टरने छाटला, तर गमावण्यासारखे फारसे काही उरत नाही.

माइक टाळून तारेनेच आवाज घ्यावा, तर दुसरा धोका होता. जुन्या अनेक संचांची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सशी, म्हणजे घरातल्या वीजपुरवठ्याशी, जोडलेली असे, त्यामुळे स्पीकरच्या टोकांना वायर लावून ती सॅम्पलरला (आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्राला) जोडणे म्हणजे यंत्राशी आणि जिवाशी खेळ. अशा संचाच्या वाटेत आम्ही ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालत असू. त्याने विजेचा संबंध तुटतो आणि अर्थिंगच्या फेऱ्यातून येणारी ५० व १०० हर्ट्झची गुणगुणही जाते. त्याहून चांगला मार्ग व्हीसीआरचा होता. त्याचा स्वतःचा ट्यूनर असे आणि मागच्या आरसीए सॉकेटमधून आवाज ठरावीक पातळीवर मिळे, टीव्हीचा व्हॉल्यूम कोणी कमीजास्त केला तरी. व्हीसीआर भंगारात जाऊ लागले त्या काळात आम्ही ते विकत घेत होतो, याचे शेजारच्या दुकानदारांना मोठे नवल वाटे.

सेट-टॉप बॉक्स आले आणि गुणगुण बरीच कमी झाली, पण घोटाळ्याचे ठिकाण बदलले. डिजिटल प्रक्षेपणाचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा मोजून साठवलेला), तर पॅडला लागणारी फाइल ४४.१ किलोहर्ट्झची. रूपांतर न करता ती तशीच वाजली तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक सेमीटोन) उतरतो. काळी दोनमधला शंख काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधांतरी लोंबकळतो आणि बेंजोवाला ऑक्टोपॅडवाल्याकडे रागाने पाहतो. म्हणून आमच्याकडून जाणारा प्रत्येक नमुना आधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेल्या तंबोऱ्याशी ताडून पाहिला जातो. सॉफ्टवेअरवर सूर दिसतो हे खरे, तरी आमचा भरवसा कानावर अधिक आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खालचे दुकान पाण्यात गेले. माडीवर येण्याचे ते कारण; त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

व्यवसायाला खरे वळण दिले ते कायद्याने. प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे राहतो आणि कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचाही स्वतंत्र हक्क पंचवीस वर्षे असतो. ‘दोनच सेकंदांचा तुकडा आहे’ हा युक्तिवाद वादकांमध्ये फार लोकप्रिय आहे, परंतु त्याच्या आधारावर पैसे घेऊन पॅच विकावेत इतका तो भक्कम आम्हांला वाटला नाही. त्यामुळे वाहिनीवरचा आवाज उचलून विकणे आम्ही बंद केले आणि गिऱ्हाइकाला नेमके काय आवडते याचा शोध घेतला. लक्षात आले ते असे की, त्याला मालिकेतला शंख नको असतो, टीव्हीतून ऐकलेला शंख हवा असतो. छोट्या स्पीकरमुळे खालचा घुमारा गळतो, मधला भाग पुढे येतो, आणि असा आवाज ढोल-ताशांच्या कल्लोळातही वेगळा ऐकू येतो. स्टुडिओतला भरदार, गोलाई असलेला शंख तिथे हरवतो.

तेव्हापासून शंख, झांजा, हलगी, तुतारी हे सर्व आम्ही माहितगार वादकांकडून, त्यांना मानधन देऊन, स्वतः ध्वनिमुद्रित करतो. ते आवाज जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचाच्या एव्ही सॉकेटमधून आत सोडतो, त्याच्या स्पीकरमधून वाजवतो आणि पुन्हा माइकने टिपतो. संचाची शीळ फिल्टरने छाटण्याचा जुना इलाज इथे रोज कामी येतो. मग तुकड्याचे सुरुवातीचे टोक लाटेच्या शून्यबिंदूवर कापायचे, नाहीतर पॅडवर काठी पडताच ‘टक्’ असा खोटा आवाज येतो. शेपटी हळूहळू विरू द्यायची. नाटकवाल्यांना मात्र याच पद्धतीने जुन्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवरच्या बातम्या हव्या असतात. त्यासाठी मजकूर त्यांनीच लिहायचा आणि आवाज त्यांच्याच नटाचा.

सध्या अडचण आहे ती संचांची. लाकडी खोक्यातला, एकाच बाजूला स्पीकर असलेला संच आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून मिरज आणि इचलकरंजीच्या भंगारवाल्यांना आम्ही सांगून ठेवले आहे : पडद्यावर चित्र येत नसले तरी चालेल, पण स्पीकर मूळचा हवा आणि त्याचा कागद फाटलेला नसावा.