बिनपरवान्याचा संग्राहक

जुन्या लष्करी रायफलींचा मला नाद आहे. नाद म्हणजे निव्वळ नाद; रायफल एकही नाही आणि व्हायचीही नाही. तिकडे अमेरिकेत लष्करातून निकाली निघालेली महायुद्धातली रायफल साधा नोकरदार माणूस विकत घेऊन बैठकीत टांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांच्या संग्राहकांसाठी तिथे वेगळं लायसनच असतं. रशियन मोसिन-नागां रायफली तर एके काळी लाकडी खोकी भरभरून यायच्या, लोणच्याच्या फोडी तेलात बुडाव्यात तशा ग्रीसमध्ये बुडालेल्या. ते ग्रीस पुसण्यात तिथल्या संग्राहकांचे रविवार जायचे. मी धुळ्यात बसून त्यांचे फोटो मोठे करकरून बघतो. बायको म्हणते, "निदान त्या फोटोंवर तरी धूळ बसत नाही, बरं आहे."

आपल्याकडे 1959चा शस्त्र कायदा आहे. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, 2019च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. दोन वस्तूंना कोणी संग्रह म्हणत नाही, जोडी म्हणतात. आणि ज्या रायफलीवर माझा जीव आहे ती थ्री नॉट थ्री, म्हणजे .303 इंच नळीची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, तर प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात येते. सामान्य माणसाला तिचा परवाना मागायचीही सोय नाही. तेव्हा माझा संग्रह दुसऱ्यांच्या खांद्यांवर आहे. पोलीस कवायत मैदानावरचं संचलन, मतपेट्यांच्या खोलीबाहेरचा पहारा, कोर्टात आरोपी घेऊन आलेली गार्ड, ही माझी संग्रहालयं. बँकेच्या दारातले माजी सैनिक बहुधा बारा बोअरची दुनळी घेऊन बसतात, तिच्यात मला फारसं गम्य नाही. एक मात्र सांगून ठेवतो, मान वाकडी करून रायफलीच्या दस्त्याकडे टक लावणारा माणूस पोलिसांना आवडत नाही.

आता तर थ्री नॉट थ्री दिसणंही दुर्मीळ झालं. तिच्या जागी एसएलआर आली, मग इन्सास. मुंबईत 2008च्या नोव्हेंबरात एके-47च्या समोर आपले शिपाई हीच जुनी रायफल घेऊन उभे राहिले, तेव्हा तिची फार चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांचं चूक नव्हतं. दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची ही रायफल, तिने यंत्रासारख्या सुटणाऱ्या गोळ्यांशी काय झुंजावं? पण तिची धाटणी 1907ची आहे हे कोणी लक्षात घेत नाही. दहा गोळ्यांचं मॅगझीन, मऊ चालणारा बोल्ट. तालमीतला ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट 2020च्या प्रजासत्ताक दिनाला. इतकी नोकरी आमच्या खात्यात कोणी केली असती तर पेन्शनचा हिशेब करताना बाबू रडला असता.

हातात मात्र ती मी धरलेली आहे. कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा कोतातून, म्हणजे हत्यारांच्या कोठीतून, कवायतीसाठी रायफली मिळायच्या. गोळी उडू नये म्हणून नळीला भोक पाडून निकामी केलेल्या, दस्त्यावर रंगाचा पट्टा ओढलेल्या. वजन चार किलोच्या आसपास. 'कंधे शस्त्र' करून अर्धा तास उभं राहिलं की चार किलो म्हणजे काय ते खांद्याला कळतं. दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा, त्यात बोटभर झाकण. झाकण नखाने उघडलं की आत पोकळी, तेलाची कुपी आणि फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायला. आमच्यातल्या एकाने त्या पोकळीत बडीशेप ठेवली होती. पितळ मे महिन्यात इतकं तापायचं की कवायत घेणारे उस्ताद 'भूमी शस्त्र' म्हणाले की आम्हाला बरं वाटायचं.

दस्त्याच्या लाकडावर एक अक्षर ठोकलेलं असायचं. शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे दस्ते वेगवेगळ्या मापांचे निघत: लांब, साधा, आखूड, आणि अगदी बुटक्यांसाठी बँटम. माझ्या वाट्याला नेमका लांब आला होता. कोतातला हवालदार माप बघून देत नव्हता, हाताला येईल ती देत होता. आणि बोल्टच्या मागे, जिथे मूठ धरायची तिथल्या लोखंडावर, उजव्या बाजूला एक मुकुट, खाली जी. आर. आय. अशी राजाची अक्षरं, ईशापूर हे नाव आणि 1942 हे साल.

बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या रायफलींना अमेरिकेत मोठी मागणी आहे. तिथला संग्राहक बोल्टवरचा, नळीवरचा, पुढच्या टोपीवरचा नंबर एकच आहे का ते तपासतो. मुकुट आहे की अशोकस्तंभाचे सिंह, ते बघतो. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर सिंह आले आणि राजाच्या अक्षरांच्या जागी आर. एफ. आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, आलं. काही रायफलींच्या पुढच्या लाकडाला तांब्याची तार करकचून गुंडाळलेली असते, कारण त्यांच्यातून ग्रेनेड उडवायचे. ती तार दिसली की भाव चढतो. तिथल्या माणसाला 1942चं साल म्हणजे उत्तर आफ्रिका आणि ब्रह्मदेश.

खान्देशातल्या माणसाला 1942 म्हटलं की नंदुरबार आठवतं. 9 सप्टेंबरची मिरवणूक, पुढे तिरंगा घेतलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार, पोलिसांचा गोळीबार, आणि त्याच्याबरोबर पडलेले लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. कवायतीतली माझी रायफल त्या चौकात गेली होती असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो आकडा अंगठ्याखाली चाचपताना नंदुरबारचा एक पोरगा माझ्या शेजारी उभा होता, आणि दोघांनाही तेच सुचलं. आम्ही बोललो नाही. उस्तादांनी 'दाहिने देख' म्हटलं होतं. तेव्हापासून फोटोखाली 'उत्तम स्थिती, 1942' असं लिहिलेलं वाचलं की मी जरा अडखळतो. तरी फोटो मोठा करतोच. नाद हा असा असतो, लाज वाटली तरी सुटत नाही.

बासष्टच्या युद्धानंतर ईशापूरने हीच रायफल 7.62 मिलिमीटरच्या गोळीसाठी बांधली. ती गोळी आमच्या भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीतही होते. त्या निर्माणीत उभी हयात काढलेले एक गृहस्थ ओळखीचे आहेत. रायफलीचा विषय काढला की ते मुलीच्या बदलीचा काढतात. पोटापाण्यासाठी रोज गोळ्या करणाऱ्याला गोळ्यांचं कौतुक नसतं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

खऱ्या हत्याराशी माझं नातं उरलं आहे ते शिरपूर तालुक्यातल्या नानांमुळे. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी केळी, मका. रानडुकरं फार. पीक संरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ईशापूरचीच तीनशे पंधरा आहे. इंग्रजांना लष्करी गोळी रयतेच्या हाती पडायला नको होती, म्हणून यंत्रणा थ्री नॉट थ्रीचीच ठेवून नळी आणि गोळी वेगळी केली, तीच ही तीनशे पंधरा. म्हणजे माझ्या लाडकीची सख्खी बहीण. बोल्ट ओढला की तोच आवाज.

पण ही बहीण घरी कमी आणि ठाण्यात जास्त असते. आचारसंहिता लागली की हत्यार जमा. लोकसभा झाली की विधानसभा, मग झेडपी, मग ग्रामपंचायत. दस्त्याला सुतळीने कागदाची चिठ्ठी बांधून ती ठाण्याच्या कोपऱ्यात उभी राहते, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे ती मक्यात शिरतात. परत आणल्यावर नाना आधी चिठ्ठी तोडतात, मग चिंदीला तेल लावून नळी पुसतात. त्या वेळी मी हजर असतो. पुसायचं काम मला द्या म्हणून मागून बघितलं, देत नाहीत.

आता नानांचा हात थरथरतो. पोरगा पुण्यात, त्याला फ्लॅटमध्ये हे लचांड नको. म्हणून मी एकदा धीर करून म्हटलं, माझ्या नावावर परवाना निघतो का बघू. अर्ज आणला. हत्यार कशासाठी हवं, असा त्यात रकाना: स्वसंरक्षण, पीक संरक्षण, खेळ. 'आवड' कुठेच नाही. माझ्याकडे शेत नाही, डुक्कर नाही, खेळायचं वय नाही. उरलं स्वसंरक्षण.

"पण नाना, माझ्या जिवावर उठलेलं कोणीच नाही," मी म्हटलं.

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "दुश्मन नही म्हनस? ग्रामपंचायतले उभा ऱ्हाय. आठ दिनमा व्हई जातीन."