तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, किती शिकवून झालं?"

पालक भेटले की हाच प्रश्न, भाजी घेताना भेटोत नाहीतर फोनवर, आणि मी दरवेळी म्हणते की पोरांना विचारा. काहींना वाटतं मी उत्तर टाळून राहिली. तसं नाहीये हो, म्हणून आज सांगतेच नीट.

मी नागपुरात नववी-दहावीला गणित शिकवते, वीसेक वर्षं झाली. आपल्या मराठीत शिकवणं हा शब्द शिकणं यातूनच निघालाय, हसणं-हसवणं, रडणं-रडवणं तसाच. आता समोरचा हसलाच नाही तर मी त्याला हसवलं असं कसं म्हणणार? मग पोरगं शिकलंच नसेल तर शिकवून झालं हे मी एकटीनं कोणत्या तोंडानं सांगू?

एका वर्षी निर्देशक भूमिती घेतली, म्हणजे आडव्या-उभ्या दोन रेघांवरून बिंदूची जागा सांगणं. फळ्यावर एक्स-वाय असे दोन अक्ष, ते छेदतात तो शून्य-शून्य आरंभबिंदू, अक्षांनी पडलेले चार भाग म्हणजे चार चरण, सगळं व्यवस्थित, दोन दिवस घालवले, रजिस्टरमध्ये धडा पूर्ण म्हणून सहीपण केली. टेस्ट घेतली तर अर्ध्याहून जास्त पोरांचे बिंदू भलतीकडेच. रात्रभर मनातून जाईना ते. दुसऱ्या दिवशी परत फळ्यावर तेच काढून राहिली होती तर खापरीहून मेट्रोनं येणारी एक मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, म्हणजे सीताबर्डी शून्य-शून्य का?" खरंच की! ऑरेंज लाइन दक्षिणोत्तर, ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. नकाशात त्या अगदी सरळ नाहीत पण पोरांना काय त्याचं, मग वर्ग थांबेचना, खापरी म्हणजे वाय ऋण, ऑटोमोटिव्ह चौक धन, प्रजापती नगर एक्स धन, लोकमान्य नगर ऋण. तेवढ्यात मानकापूरचा, म्हणजे वायव्येकडचा, एक पोरगा म्हणाला की माझं घर तर कोणत्याच लाइनवर नाही, मग मी कुठं? आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तू दुसऱ्या चरणात बे!" मी खडू हातात धरून नुसती उभी होती. शिकवणं त्या मिनिटाला झालं, सही त्याच्या कितीतरी आधीची.

तेव्हापासून मी हे शब्दच बघत बसते. शिक्षा घ्या. नागपुरात अर्धा वर्ग घरी हिंदी बोलतो, त्यांच्यासाठी शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि आपण मराठीवाले शिक्षा म्हटलं की हात पुढे करणार. मूळ संस्कृत धातू शिक्ष्, तो शक् वरून आलेला, शक् म्हणजे करता येणं, आणि शिक्ष् म्हणजे करता यावं अशी इच्छा. छडीचा कुठं संबंधच नाही त्यात, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. तालीम पण तसाच, अरबी शब्द, मूळ अर्थ ज्ञान देणं, गांधीजींची नई तालीम इथं शेजारी वर्ध्यातच १९३७ च्या परिषदेतून पुढे आली, आणि मराठीत मात्र तालीम कुस्तीची नाहीतर नाटकाची, म्हणजे स्वतः घाम गाळायचा. मला आपला मराठी अर्थच जास्त आवडतो. कोचिंगचं उलटं आहे, कोच म्हणजे घोडागाडी, परीक्षेच्या पार नेऊन सोडणाऱ्या मास्तरांना ऑक्सफर्डची पोरं कोच म्हणायला लागली १९ व्या शतकात, आणि गाडीत बसलेल्याला चालावं लागत नाही ना.

आणि दीक्षाभूमीवर दरवर्षी वाचतो ते, "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा". बाबासाहेबांनी १९४२ च्या जुलैत इथं नागपुरातच परिषदेत हा संदेश इंग्रजीतून दिला होता. मराठीत तो लोकांच्या तोंडी बसला तो "शिका" असा. शिकण्याचं काम शिकणाऱ्याच्याच हातात दिलंय त्यात, आणि ज्यांना शतकानुशतकं शिकू दिलं नाही त्यांच्या हातात दिलंय. मी त्या गर्दीत उभी असते तेव्हा हा एकच शब्द वाचून गळा दाटून येतो माझा.

तर सध्या परत निर्देशक भूमितीच सुरू आहे. मेट्रोचा नकाशा भिंतीवर लावलाय, पण दोन पोरं अजून एक्स आधी की वाय आधी यात अडकून राहिलीत, उद्या सकाळी त्यांना अर्धा तास लवकर बोलावलंय. म्हणून विचाराल तर, नाही झालं अजून शिकवून.