साक्रीच्या पोरीने ओळखलेली विलो

मे महिन्यात जळगावात हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, कपाटं आवरायची म्हणजे शिक्षाच. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की घाम थेट नमुन्यावर टपकतो. पण कसर लागली होती, एकेक शीट काढून झटकणं भागच होतं. मदतीला एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी होती, साक्रीकडची.

एका जुन्या गठ्ठ्यातून परदेशी शीट निघाली. लेबल कसरीने निम्मं फस्त केलेलं, ‘...डिसेलॅरिस पर्श’ एवढंच शिल्लक. गाव नाही, तारीख नाही. वीतभर काटकी आणि बोटाच्या दोन पेरांएवढी, खालून पांढुरकी पानं. पोरीने भिंग लावलं आणि भान विसरून अहिराणीतच म्हणाली, “मॅडम, हाई तं आमना नालावरनं वाळुंज शे!”

वाळुंज म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारं चांगलं उंच झाड, ते या परदेशी शीटवर कुठून येणार? तरी पोरीचं निदान पोकळ नव्हतं. तिने पानं पाहिलीच नव्हती, कळी पाहिली होती. बऱ्याच झाडांच्या कळीवर खवले एकावर एक बसलेले असतात. हिच्यावर टोपीसारखा एकच खवला, कळीभोवती गच्च. विलो ओळखायची ही नेहमीची खूण. वाळुंजही विलोच, सॅलिक्स टेट्रास्पर्मा.

“विलो बरोबर. आता पानाची कड बघ,” मी म्हटलं.

वाळुंजाच्या कडेला बारीक दाते असतात. इथे कड साफ, दोन्ही बाजू बिनलवेच्या. फळंही बिनलवेची, लांब देठांवर. अर्धवट नावाशी सगळं जुळलं: सॅलिक्स पेडिसेलॅरिस, पर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१४ साली वर्णन केलेली बॉग विलो. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या थंड पाणथळीत वाढते, साधारण कमरेएवढी.

काटकीच्या बुडाशी कोरडं मॉस, शेवाळासारखी बुटकी वनस्पती, चिकटलं होतं. मी ते झटकणार, तोच पोरीने हात धरला. मॉसच्या आत खोडालाच मुळं फुटलेली! तिकडे स्फॅग्नम मॉस वाढत वाढत फांद्या गिळतं आणि गाडलेली फांदी तिथेच मूळ धरते. पुस्तकात वाचलेलं चिमटीत धरायला मिळालं. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला.

नवं लेबल लिहिलं, ठिकाण-तारीख कोरी ठेवून. फळं होती म्हणजे झुडूप मादी. विलोत नर-मादी वेगळी असतात. शेजारी ठेवायला वाळुंजाच्या नर आणि मादी दोन्ही फांद्या हव्यात, हे काम पोरीने आपणहून घेतलंय. फुलोरा आला की गावाहून फोन करणार आहे.