गोव्यात अनोळखी मांस खाताना: किळस कुठे सोडली, नकार कुठे दिला

डिचोलीला मामाकडे जायचं ठरलं तेव्हाच धाकट्या बहिणीने सांगून टाकलं होतं, या वेळी कोंबडी आणि सुरमईवर भागवायचं नाही. आमच्या घरी मटणातली कलेजीसुद्धा ताटाच्या कडेला सारली जाते. त्यामुळे मोरी, डुक्कर, कालवं ही नावं ऐकूनच माझ्या पोटात ढवळायचं.

रेल्वेने येणाऱ्यांनी थिवीला उतरावं. डिचोली आणि म्हापसा, दोन्ही तिथून जवळ. आम्ही नोव्हेंबरात गेलो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीसाठी जायचं तर ते दोन महिने टाळा. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, हेही लक्षात ठेवून पाहुणचार घ्या.

सुरुवात मोरीने झाली. मोरी म्हणजे लहान शार्क, आपल्याकडे काही जण मुशी म्हणतात. अंगावर खवले दिसत नाहीत, कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत, आत काटे नाहीत, नुसती कूर्चा. शार्कच्या मांसात युरिया असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. म्हणून बाजारात मोरीला नाक लावून बघायचं. झोंबणारा वास आला की पुढच्या टोपलीकडे वळायचं. मामी मोरीचं आंबट-तीक करते. मी नुसताच ताटाकडे बघत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "आधी भाताला रस लाव. तुकडा कुठे पळून जात नाही." आंबट-तिखट रसाची चव ओळखीची निघाली आणि तिसऱ्या घासाला तुकडा आपोआप तोंडात गेला. मांस घट्ट, पांढरं, कोंबडीच्या जवळ जाणारं. एक सांगायला हवं, शार्कच्या मांसात पारा साठतो, त्यामुळे गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मोरी देऊ नका.

सोरपोतेलची भीती जास्त होती. डुकराचं मांस, काळीज, हृदय, आणि जुन्या पद्धतीत रक्तही. आता पुष्कळ घरांत रक्त घालत नाहीत. मामाच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने आम्हाला जेवायला बोलावलं. तिथल्या आंटीने आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, कारण माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर मुरल्याशिवाय या पदार्थाला चव येत नाही. सगळं इतकं बारीक चिरलेलं असतं की काळीज कुठलं नि मांस कुठलं ते कळत नाही. नवख्याला हा बारीकपणाच वाचवतो. सोबत सांना होत्या, इडलीसारख्या तांदळाच्या, सुरेने फुगवलेल्या, मऊ आणि किंचित गोडसर. मला काळजाचा कडवटपणा जाणवला, पण तो व्हिनेगरच्या आंबटपणात छान बसला होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. हॉटेलात खाणार असाल तर डुक्कर की बीफ, हे आधी विचारा. श्रद्धेमुळे एखादी गोष्ट खायची नसेल तर ती किळस नव्हे, आणि त्यावर मात करण्याचं काही कारणही नाही.

आता रानातल्या मांसाबद्दल. "खास काहीतरी" शोधत फिरणाऱ्या पाहुण्याला कुणीतरी हळूच रानडुक्कर किंवा 'जंपिंग चिकन' सुचवतं. आम्हालाही विचारलं गेलं. जंपिंग चिकन म्हणजे पहिल्या पावसात शेतात ओरडणारे मोठे बेडूक. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडूक आणि रानडुक्कर या दोघांचीही शिकार आणि त्यांच्या मांसाची विक्री गुन्हा आहे. तुरुंगवासही होऊ शकतो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर भारताने १९८७मध्येच बंद केली. मामाची भातशेती आहे. तो म्हणाला, "पावसात ओरडतो तो नर मादीला बोलावत असतो. तेव्हाच त्याला पोत्यात भरलं तर पुढच्या वर्षी शेतातले किडे कोण खाणार?" मला हे मनापासून पटतं. त्यात चोरट्या शिकारीचं मांस कुणी तपासलेलं नसतं, जनावर कधी मेलं हेही कळत नाही. अशा ताटाला नकार देताना आपण भित्रे ठरतो असं अजिबात वाटून घेऊ नका.

नवं चाखायला कायद्याच्या आतही भरपूर आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळी लवकर गाठा. माळांसारखी टांगलेली चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज), आणि खुबे, तिसऱ्या, शिणाणे हे शिंपल्यांचे प्रकार, सगळं एका फेरीत दिसतं. शिंपले मिटलेले असतील तेच घ्या. शिजवल्यावर जे उघडत नाहीत ते टाकून द्या. कालवं मात्र कच्ची खायचा हट्ट धरू नका, रव्यात तळलेली मागा. चोरीस वाळवलेली दिसली तरी आत मांस कच्चंच असतं. कांदा घालून, थोडं पाणी टाकून, झाकण ठेवून चांगली शिजवा आणि गरम पावात भरा. तिच्यातून भरपूर चरबी सुटते, वेगळं तेल लागत नाही.